एका मिनिटाचं अंतर

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याबाहेर, जूनमधल्या मंगळवारी संध्याकाळी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत एक मोटार उभी असते आणि तिची डिकी उघडी असते. डिकीत एक वही, दोन पेनं, सेफ्टी पिनांचा डबा आणि पाठीवर लावायच्या नंबरांची चळत. हेच शर्यतीचं कार्यालय. लोक सायकलवरूनच येतात; कुणी थेट कामावरून, कुणी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून. वहीत नाव लिहायचं, थोडे पैसे द्यायचे, नंबर कमरेच्या जरा वर टोचून घ्यायचा आणि हातपाय मोकळे करायला आसपास चकरा मारायच्या. अंतर दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर आणि वर थोडे मीटर. पाच मैल जायचं, चौकाच्या गोल बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचं.

पाठीवरचा नंबर शोभेचा नसतो. शर्यत सातला सुरू होणार असेल, तर चौदा नंबरवाला सात वाजून चौदा मिनिटांनी सुटतो. त्याच्या आधी एक मिनिट तेरावा गेलेला असतो, मागे पंधरावा ताटकळत असतो. मागून एक स्वयंसेवक सीट धरून सायकल तोलून धरतो, त्यामुळे दोन्ही पाय आधीच पायडलला अडकवता येतात. वेळाधिकारी घड्याळ बघत आकडे म्हणतो: तीस सेकंद, दहा, पाच, चार, तीन, दोन, एक. मग माणूस सुटतो आणि वळणापलीकडे दिसेनासा होतो. बाजूला टाळ्या वाजवायला गर्दी नाही, भोंगे नाहीत. शर्यत चालू आहे आणि शर्यत कुठे दिसत मात्र नाही.

याला टाइम ट्रायल म्हणतात. टूर द फ्रान्समधली टाइम ट्रायल टीव्हीवर पाहिलेल्यांना हा प्रकार व्यावसायिकांचा, चकचकीत वाटतो. पण हौशी माणसाच्या रोजच्या जगण्यात तो मुरला तो ब्रिटनमध्ये, आणि मुरला तो लपूनछपून. त्याच्या प्रत्येक विचित्र रीतीमागे पोलिसांना चुकवण्याची धडपड आहे.

21 जुलै 1894 रोजी लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर नॉर्थ रोड क्लबची पन्नास मैलांची शर्यत चालली होती. काही सायकलस्वार एका घोडागाडीला ओलांडून जात असताना घोडा बिथरला. स्वार एकमेकांवर कोसळले, गाडी खड्ड्यात गेली. गाडी हाकणाऱ्या बाईंनी पोलिसांकडे तक्रार केली आणि त्या भागात रस्त्यावर शर्यती लावायला बंदी आली. तेव्हा सायकल ही नवीन, उपद्रवी गोष्ट होती. आज मोटारवाले सायकलवाल्यांबद्दल जे बोलतात, तेच तेव्हा घोडेवाले बोलत. सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेनं धसका घेतला. एका शर्यतीपायी सगळ्याच सायकली रस्त्यावरून हाकलल्या जातील या भीतीनं तिनं रस्त्यावरच्या शर्यतींकडे पाठ फिरवली.

त्या ढिगाऱ्यात सापडलेल्यांपैकी एक होता फ्रेडरिक टॉमस बिडलेक. तीनचाकी सायकलवरचा नावाजलेला स्वार, आणि डोकं शांत. त्यानं विचार केला की पोलिसांना खुपतो तो घोळका. मग घोळकाच नको. स्वार एकेक करून सोडायचे, प्रत्येकाची वेळ मोजायची, शेवटी वेळा ताडून बघायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल तो फक्त एक माणूस, जरा घाईत असलेला. 5 ऑक्टोबर 1895 रोजी नॉर्थ रोड क्लबनं या पद्धतीनं पन्नास मैलांची शर्यत घेतली आणि पद्धत रुजली.

पुढची कित्येक दशकं हा खेळ गुप्त मंडळीसारखा चालला. स्वारांनी खांद्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालायचे, म्हणजे ते लांबून खेळाडू वाटू नयेत. शर्यती भल्या पहाटे, रस्ते जागे व्हायच्या आत. सहभागींना पाठवलेल्या कागदावर ‘खासगी आणि गोपनीय’ असा शिक्का. शर्यत कुठे आहे हे वर्तमानपत्रांना आधी सांगायचं नाही. रस्त्याचं नावही उच्चारायचं नाही. त्याऐवजी सांकेतिक खूण. अक्षर म्हणजे जिल्हा, आकडा म्हणजे मार्ग. काळे कपडे गेले, शिक्का गेला, 1960 च्या नियमांनी या शर्यतींना रीतसर कायद्याची चौकट मिळाली, आणि आज पोलिसांना आगाऊ कळवूनच सगळं होतं. पण खुणा तशाच आहेत. ‘व्ही 718’ किंवा ‘ई 72’ म्हटलं की जाणकार मान डोलावतो. बाहेरच्याला वाटतं, एसटीच्या वेळापत्रकातलं काहीतरी आहे.

सगळ्यांनी एकत्र सुटायच्या शर्यती ब्रिटनमध्ये बंडखोरी करूनच परत आणाव्या लागल्या. 7 जून 1942 रोजी, ऐन युद्धात, पर्सी स्टॅलर्डनं लँगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत तशी शर्यत भरवली आणि संघटनेचा रोष ओढवून घेतला. ती वेगळी गोष्ट आहे. आपल्याला हवी ती एवढीच बाब, की युरोपातले तरुण घोळक्यात कोपर लावायला शिकत होते, तेव्हा इंग्रज तरुण एकटा, वाऱ्याशी झगडत, घड्याळाविरुद्ध सायकल हाणायला शिकत होता.

घड्याळाविरुद्ध सायकल हाणणं आपल्याला नवीन नाही. ज्यांचं लहानपण तासाच्या बोलीवर सायकल भाड्यानं घेण्यात गेलं, त्यांनी ही शर्यत नकळत केलेली आहे. दुकानदार वहीत वेळ लिहायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बोट दाखवायचा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत गावाच्या टोकाहून दुकानापर्यंत जी सायकल पळायची, ती पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे वाचवण्यासाठी. वही, घड्याळ आणि एकटा स्वार, एवढंच भांडवल. डिकीतली ती इंग्रजी वही पाहिली की मला सायकल दुकानदाराची तेल लागलेली वही आठवते.

आता मुद्द्याची गोष्ट. घोळक्यातल्या शर्यतीत नवख्या माणसाला जागाच नसते. पहिल्या चढावर मागे पडलात की तुमची शर्यत संपली. उरते ती पुढच्यांची पाठ बघत घरी येण्याची कसरत. शिवाय चाकाला चाक लावून, वळणावर न घाबरता चालवण्याचं कसब अंगात मुरायला वर्षं जातात. टाइम ट्रायलमध्ये यातलं काही लागत नाही. बासष्ट वर्षांची शिक्षिका आणि बावीस वर्षांचा राष्ट्रीय विजेता एकाच कागदावर येतात, दोघंही तेवढाच रस्ता कापतात आणि दोघांनाही आपापली वेळ मिळते. दुसऱ्या स्वाराच्या मागे दडून वारा चुकवायला सक्त मनाई आहे. कुणी तुम्हाला ओलांडून गेला तर त्याच्या चाकामागे चिकटायचं नाही, मुकाट्यानं अंतर ठेवायचं. ज्या युक्त्यांवर रस्त्यावरची शर्यत उभी असते, त्या सगळ्या इथे बाद.

या जगातले ठोकताळे मैलांत बोलले जातात. तीस मिनिटांत दहा मैल म्हणजे ताशी वीस मैल. नवख्याची पहिली भिंत ही. चोवीस मिनिटं म्हणजे ताशी पंचवीस मैल, आपले चाळीस किलोमीटर. एवढं जमलं की क्लबात माणसाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. वीस मिनिटांच्या आत आलात, तर ताशी तीस मैल. 2016 मध्ये हल शहराजवळच्या ‘व्ही 718’ या मार्गावर मार्सिन बियालोब्लोत्स्कीनं 16 मिनिटं 35 सेकंदांत दहा मैल संपवले, म्हणजे ताशी 58 किलोमीटरच्या वर. आपल्या शहरात त्या वेगानं जाणारी स्कूटर दिसली तर आपण बाजूला होतो.

तीस मिनिटांवरून चोवीसवर येणं आणि चोवीसवरून वीसवर येणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कारण आहे हवा. सपाट रस्त्यावर सायकलस्वार वजनाशी भांडत नसतो, तो हवा फाडत असतो. आणि हवा फाडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती. एक हिशेब मांडून बघू. सायकलसकट ऐंशी किलोचा माणूस, हँडलचा खालचा भाग धरून वाकलेला, वारा पडलेला. ताशी 36 किलोमीटर वेग राखायला त्याला साधारण 220 वॉट लागतात. त्यातले 180 नुसत्या हवेसाठी, बाकीचे टायरच्या घर्षणात. ताशी 40 करायचे झाले तर साधारण 290 वॉट. चार किलोमीटरांसाठी सत्तर वॉट जास्त! हे 290 वॉट म्हणजे साठचे जुने पिवळे बल्ब जवळजवळ पाच, पंचवीस मिनिटं सलग पेटते ठेवायचे, तेही मांड्यांच्या जोरावर.

सत्तर वॉट वाढवायला कित्येकांचे दोन-तीन हंगाम जातात, आणि काहींना ते कधीच जमत नाही. पण तोच माणूस कोपरं जवळ घेऊन, हात पुढे टेकून, डोकं खाली घालून बसला आणि त्याचा हवेला होणारा अडथळा पाचव्या हिश्शानं कमी झाला, तर त्याच 290 वॉटमध्ये तो ताशी 43 च्या आसपास पोहोचतो. चोवीस मिनिटांची वेळ साडेबावीसवर येते. पायात एक कणही जास्त जोर आलेला नाही, आलेला आहे तो बैठकीत.

हे जगाला कळलं 23 जुलै 1989 ला. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल. तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापून झाल्यावर लॉराँ फिन्यों हा ग्रेग लेमाँडच्या 50 सेकंद पुढे होता. लेमाँडनं ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेले, हात पुढे टेकवायचे हँडलबार लावले. फिन्यों साध्या बैठकीत, उघड्या डोक्यानं, पोनीटेल उडवत आला. त्या एका टप्प्यात लेमाँडनं 58 सेकंद कमावले आणि अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकली. मग ते हँडलबार क्लबातल्या लोकांनी घेतले नसते तरच नवल. आज मंगळवारच्या शर्यतीतही निमुळतं हेल्मेट, पाठीमागे बंद तबकडीचं चाक आणि अंगाला चिकटलेला एकसंध पोशाख दिसतो. यात पैसा बेसुमार जातो. माझं मत विचाराल तर त्या खर्चाच्या आधी हँडल दोन बोटं खाली घ्यावं आणि फडफडणारं जर्किन घरी ठेवावं. ते फुकट आहे, आणि तेच बहुतेकांना सुचत नाही.

हवेचा दुसरा खेळ वाऱ्याचा. पाच मैल समोरचा वारा, पाच मैल पाठीवरचा. म्हणजे फिटंफाट, असं वाटतं. मेख इथेच आहे. वाऱ्यात जाताना तुमचा वेग ताशी वीस मैल पडला आणि परतताना तीस झाला असं धरा. सरासरी पंचवीस, मग वेळ चोवीस मिनिटं यायला हवी. पण जाताना पंधरा मिनिटं गेली, येताना दहा, एकूण पंचवीस. एक मिनिट वाऱ्यानं खाल्लं. कारण साधं आहे: वाईट वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता आणि चांगल्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडता. म्हणून मुरलेला स्वार समोरच्या वाऱ्यात आणि चढावर थोडा जास्त जोर लावतो, उतारावर आणि पाठीवरच्या वाऱ्यात थोडा दम घेतो. नवखा नेमकं उलट करतो. वेग आला की त्याला चेव येतो.

हवा गरम असेल तर ती पातळ होते. दहा अंशांच्या मानानं बत्तीस अंशांची हवा सुमारे सात टक्क्यांनी हलकी. इंग्रज स्वार म्हणूनच उबदार, दमट, वारा पडलेल्या संध्याकाळची वाट बघत बसतात. आपल्याकडे तशा संध्याकाळींना तोटा नाही, आणि पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावात हवा आणखी पाच-सहा टक्के विरळ मिळते. पण आपल्या उन्हात शरीरच आधी तापतं आणि हवेनं दिलेलं घामानं परत घेतलं जातं.

आता शर्यतीच्या आतली गोष्ट. पहिली दोन मिनिटं फसवी असतात. ताजे स्नायू जवळची शिल्लक वापरत असतात, श्वास अजून मागे असतो, आणि ताशी पंचेचाळीसचा वेग हातचा मळ वाटतो. ही उधारी असते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला वसुली सुरू होते: मांड्या भरून येतात, घशाला कोरड पडते, आणि अजून तेरा किलोमीटर बाकी असतात. तासभर कसाबसा टिकेल अशा जोराच्या किंचित वर, पण फक्त किंचित, राहायचं. दहा मैलांचं सगळं शास्त्र या ‘किंचित’मध्ये आहे. आपल्याकडे गवयाच्या संदर्भात दमसास म्हणतात तो हाच. तान कितीही चढली तरी समेवर यायला श्वास उरला पाहिजे. फरक एवढाच, की इथे समेवर आल्यावर माणूस गवतात आडवा पडतो.

एकट्याच्या या प्रवासात सोबत असते ती पुढच्या नंबराची. तुमच्या एक मिनिट आधी सुटलेला तो ‘मिनिटवाला’. त्याची पाठ दूरवर दिसली की पायात बळ येतं. मागून चाकाचा घरघराट ऐकू आला, तर समजायचं की आपणच कुणाचे तरी मिनिटवाले झालो आहोत.

या खेळानं घडवलेली माणसं बघितली, तर ती क्लबातलीच, नोकरीधंदा करणारी दिसतात. अल्फ एंगर्स हा बेकरीत काम करायचा. सायकलच्या भागांना भोकं पाडून तो वजन कमी करी, आणि रस्त्याच्या मधोमध चालवतो म्हणून पदाधिकाऱ्यांशी त्याचे कायम खटके उडत. 5 ऑगस्ट 1978 ला ‘ई 72’ मार्गावर त्यानं 25 मैल 49 मिनिटं 24 सेकंदांत संपवले. त्या अंतरावर ताशी तीस मैलांच्या पुढे गेलेला तो पहिला ब्रिटिश स्वार. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनं स्वतः जोडलेल्या सायकलमध्ये वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं, छाती हातांवर टेकवायची स्वतःची बैठक शोधली आणि 17 जुलै 1993 ला नॉर्वेतल्या हामारच्या ट्रॅकवर एका तासात 51.596 किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. आदल्या दिवशीचा त्याचा प्रयत्न फसला होता. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमननं तो विक्रम मोडला, आणि त्याचीही तालीम इंग्लंडच्या टाइम ट्रायलमध्येच झालेली.

पण या सगळ्यांत मला बेरिल बर्टन सर्वांत थोर वाटते. लहानपणी तापानं हृदयाला धोका झाला, डॉक्टरांनी अंगमेहनत टाळायला सांगितलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर सायकल चालवायला लागली. यॉर्कशरमधल्या मोर्ली गावाजवळ रुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतावर ती कुदळ-फावडं चालवायची, आणि आयुष्यभर हौशीच राहिली. 1959 पासून सलग पंचवीस वर्षं ब्रिटनमधली सर्वोत्कृष्ट महिला टाइम ट्रायल स्वार ती होती. 1967 साली बारा तासांच्या शर्यतीत पुरुष आधी सुटले, बायका मागून. एकेक करत तिनं पुरुषांना गाठलं. शेवटी पुढे उरला माइक मॅक्नमारा, जो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा विक्रम मोडत होता. त्याच्या शेजारी आल्यावर बेरिलनं खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला दिली, त्यानं घेतली, आणि ती पुढे गेली. तिचं अंतर 277.25 मैल. पुरुषांना ते ओलांडायला दोन वर्षं लागली, बायकांना पन्नास. एकत्र सुटायच्या शर्यतीत तिला पुरुषांबरोबर उभंही केलं नसतं. एकेकट्यानं सुटण्याच्या या पद्धतीत घड्याळाला स्त्री-पुरुष कळत नाही.

याच घड्याळापायी हा खेळ थोडा बिघडलाही आहे. वेळ महत्त्वाची, म्हणून ती चांगली येईल असे मार्ग लोक शोधू लागले. असे मार्ग म्हणजे मोठाले दुपदरी महामार्ग, जिथे शेजारून जाणारे ट्रक हवा खेचत नेतात आणि स्वाराला ढकलतात. ‘व्ही 718’ हलच्या बंदराकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या रस्त्यावर आहे, हा योगायोग नाही. दुसऱ्या स्वारामागे लपणं हा गुन्हा, आणि चाळीस टनी ट्रकची हवा खाणं नशीब! शिवाय त्यात जीव जातात. खुद्द बिडलेकला 1933 साली एका मोटारीनं धडक दिली आणि तीन आठवड्यांनी तो गेला. ग्रेट नॉर्थ रोडवर सँडीजवळ त्याच्या नावाची छोटी बाग आहे. आता हेल्मेट आणि दिवे सक्तीचे आहेत, साध्या रोड बाइकसाठी वेगळा गट आहे, आणि आडवाटेच्या, चढउतारांच्या मार्गांवरच्या शर्यतीही भरतात. तिथे वेळ वाईट येते. मला विचाराल तर तोच खरा मार्ग.

आपल्याकडे कुणाला करून बघायचं असेल तर ब्रिटनचा एक नियम जसाच्या तसा लागू पडतो, कारण दोन्हीकडे वाहनं डावीकडून चालतात: मार्ग असा निवडायचा की भर वेगात उजवीकडे वळावं लागणार नाही. आठ किलोमीटर जाऊन, थांबून, नीट बघून वळायचं. वळण्यात गेलेल्या दहा सेकंदांसाठी रडायचं नाही. महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी. आणि वही हवी. वेळ, वारा कुठून होता, आदल्या रात्री झोप किती, एवढं लिहिलेलं पुरतं.

तिकडे मंगळवारी शेवटचा स्वार अंतिम खुणेपाशी स्वतःचा नंबर ओरडत जातो, कारण अंधुक उजेडात वेळाधिकाऱ्याला तो दिसत नाही. मग डिकीभोवती सगळे जमतात आणि कारणं सुरू होतात. कुणाची चेन उतरली, कुणाला वळणावर ट्रॅक्टर आडवा आला, कुणी पहिल्या मैलात जास्त ताणलं. पहिला आलेलासुद्धा सांगत असतो की अकरा सेकंद गेले ते चौकातल्या मोटारीमुळे. शिक्षिकाबाई वाकून वहीत बघतात. तीस मिनिटं दोन सेकंद. त्या पिना काढून डब्यात टाकतात, आणि पुढच्या मंगळवारी वारा कुठून असेल याची चौकशी करत सायकलला दिवा लावतात.